डाव्या कुशीवर

जुईने सोबती म्हणून आपलं नाव दिलं आहे हे केतकीला फोनवर कळलं, तेव्हा काहीतरी घोटाळा झाला असावा असंच तिला वाटलं. वाईच्या मातीपरीक्षण केंद्रात ती नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत उभी होती. फोन पाचगणीच्या श्वसन केंद्रातून होता आणि बोलत होत्या डॉ. बागवान. केतकीने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी न कंटाळता पुन्हा सांगितलं. जुई मुळीक, तुमची धाकटी बहीण, तिची ‘पेरणी’ या नव्या उपचारासाठी निवड झाली आहे. उपचारांच्या काळात सोबत कोण राहणार असं विचारल्यावर तिने एकच नाव घेतलं. स्वतः तुम्हाला विचारायला मात्र ती तयार नव्हती. तुम्ही नाही म्हणालात, तर ते आमच्याकडूनच कळलेलं तिला बरं वाटेल, असं ती म्हणाली.

"मी येते," केतकी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने बाटल्या तशाच राहू दिल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दोघी बहिणींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. दिवाळीला निरोप जात होते, वाढदिवसाला फोन होत होते. पण गेल्या सहा-सात वर्षांत दोघी एका छताखाली झोपल्या नव्हत्या, आणि का, हेही कधी बोलल्या नव्हत्या.

जुई जन्मली तीच आरशातल्यासारखी. तिचं हृदय उजवीकडे होतं आणि यकृत डावीकडे. साताऱ्याच्या डॉक्टरांना आधी वाटलं की क्ष-किरणाची फिल्मच उलटी लावली आहे. नंतर कळलं की फिल्म बरोबर आहे. बाळाची सर्दी जात नव्हती, छाती सतत घरघरत होती, आणि या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं.

आपल्या श्वासनलिकांना आतून अतिशय बारीक लव असते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जावा तशी ही लव एका दिशेने, एका लयीत सतत हलत असते. तिच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ, जंतू, धूर, जे काही श्वासातून आत जातं ते त्या थरात अडकतं, आणि लव ते वर घशाकडे ढकलत नेते. आपण ते गिळून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जुईच्या श्वासनलिकांत ही लव होती, पण ती हलत नव्हती. गर्भात हृदयाने कुठल्या बाजूला जायचं हेही तशाच हलणाऱ्या लवेमुळे ठरतं. ती निश्चल असेल तर हृदय कुठेही जाऊ शकतं, आणि जुईचं उजवीकडे गेलं. त्याने काही बिघडलं नाही. बिघडलं ते छातीत. तिथे तयार होणारा कफ तिथेच राहायचा, त्यात जंतू वाढायचे, आणि दर आजारपणागणिक नळ्यांच्या भिंती सैल पडत जायच्या.

लव ढकलत नसेल तर कफ बाहेर काढायला दोनच साधनं उरतात, उतार आणि हात. आईने दोन्ही शिकून घेतली. पलंगाच्या पायथ्याशी विटा घालून तिकडची बाजू उंच करायची, जुईला उशांवर डोकं खाली करून झोपवायचं, कधी पालथी, कधी या कुशीवर, कधी त्या. फुप्फुसाचा जो भाग रिकामा करायचा तो वर राहिला पाहिजे, म्हणजे त्यातलं पाणी मुख्य नळीकडे वाहतं. मग हाताची वाटी करून त्या भागावर थापायचं. वाटी नीट झाली तर पोकळ, घुमल्यासारखा आवाज येतो. हात सपाट पडला तर चटका बसतो आणि कफही सुटत नाही. त्यानंतर श्वास सोडताना बरगड्यांवर हात ठेवून हलकी थरथर द्यायची, आणि शेवटी तोंड उघडून, आरशावर वाफ सोडावी तसा जोरात श्वास सोडायला लावायचं. कफ स्टीलच्या भांड्यात पडायचा. हे सगळं सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी. दवाखान्याच्या पुस्तिकेतली चित्रं सरळ शरीराची होती, म्हणून आई ती आरशापुढे धरून पाहायची.

जुई नववीत असताना आई मेंदूतल्या रक्तस्रावाने अचानक गेली. वडील त्याआधीच गेले होते. तेराव्याच्या सकाळीही जुईला थापायचं होतंच. ते केतकीने केलं, आणि त्यानंतर ते तिचंच होऊन गेलं. तिला डेहराडूनच्या एका संस्थेत जागा मिळाली होती, तिथे ती गेली नाही. वाईत नोकरी धरली. हेमंतशी लग्न ठरलं तेव्हा तिने त्याला एवढंच सांगितलं की सकाळ-संध्याकाळचा तो वेळ माझा नसेल. हेमंतला ते चाललं.

तो वेळ खरं म्हणजे दोघी बहिणींचा होता. जुई उशीत तोंड खुपसून, डोकं खाली करून पडलेली असायची आणि केतकीचे हात तिच्या पाठीवर चालू असायचे. एकमेकींचं तोंड दिसत नसल्यामुळे असेल, पण जुई त्या वेळी काहीही बोलायची. शाळेत तिच्या खोकल्याची कोण नक्कल करतं, कोण आवडतं, मरणाची भीती कधी वाटते, हे सगळं केतकीने तिच्या पाठीकडे बघत ऐकलं होतं.

पुढे कंपनाचं जाकीट आलं. अंगात घालायचं, बटण दाबायचं, की ते छातीभोवती हवेचे बारीक हिसके देऊन कफ सोडवायचं. जुई तेव्हा चोवीस वर्षांची होती. जाकीट मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत तिने पुण्यात नोकरी शोधली. बोलक्या पुस्तकांचं संपादन करायचं काम होतं. बसस्थानकावर निरोप देताना केतकीचा हात सवयीने तिच्या पाठीवर गेला. जुई हळूच बाजूला झाली.

"ताई, आता नको," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझी पाठ सगळ्यांची होती. आता ती माझी राहू दे."

तिचं चुकत नव्हतं, हे केतकीला कळत होतं. तरी ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. बहिणीकडे जायचं म्हटलं की तेच आधी आठवायचं आणि मग जाणं राहून जायचं.

* * *

पसरणीचा घाट चढणाऱ्या बसला आता चालक नसायचा. केतकी पुढच्या आसनावर बॅग मांडीवर घेऊन बसली होती. केंद्र गावाच्या टोकाला होतं, मोठमोठ्या सिल्व्हर ओकच्या झाडांत. जुई पायऱ्यांवरच उभी होती. ती पूर्वीपेक्षा खूपच वाळली होती. दोघींनी बसच्या प्रवासाबद्दल आणि हेमंतबद्दल चार शब्द बोलून घेतले.

डॉ. बागवान पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दोघींना समोर बसवून पेरणी म्हणजे काय ते समजावलं. जुईच्या नाकातल्या पेशी घेऊन, त्यांच्यातला जन्मजात दोष दुरुस्त करून, त्या प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. आता एका फुप्फुसाच्या नळ्यांचं जुनं अस्तर औषधाने सोलून काढायचं आणि या नव्या पेशी फवाऱ्याने तिथे बसवायच्या. त्या रुजल्या की त्यांना लव फुटते, आणि ती हलते. एका वेळी एकच फुप्फुस करता येतं, कारण तेवढे दिवस माणसाला दुसऱ्यावर जगायचं असतं. जुईचं डावं इतकं खराब झालं होतं की त्यात नव्या पेशी रुजल्या नसत्या; उजवं त्यातल्या त्यात बरं होतं, म्हणून उजवं निवडलं होतं.

"अडचण पुढे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नव्या लवेला हलता येतं, पण कुठल्या दिशेला हलायचं ते तिला माहीत नसतं. ते ती शिकते. पहिल्या दिवसांत तिच्यावरून पाणी ज्या दिशेने वाहील, ती दिशा ती कायमची धरते."

म्हणून त्या दिवसांत उजव्या फुप्फुसातला द्रव घशाकडेच वाहत राहिला पाहिजे होता. जाकीट चालणार नव्हतं, कारण त्याच्या हिसक्यांनी नव्या पेशी सुटतात आणि पाणी पुढेमागे डुचमळतं. उरला तो जुना उपाय, उतार. जुईने डाव्या कुशीवर पडून राहायचं होतं, पायथा उंच करून, नवं फुप्फुस वर आणि जुनं खाली ठेवून. जेवणापुरतं, तेही थोडाच वेळ, टेकून बसायचं. खालचं फुप्फुस सडलेलं, पुवाने भरलेलं. ती उजव्या कुशीवर वळली, तर तो पू उतारावरून सरळ नव्या फुप्फुसात उतरणार आणि लव तीच दिशा शिकणार. मग आयुष्यभर ती सगळी घाण बाहेर फेकण्याऐवजी आत ओढत राहील. अस्तर पुन्हा सोलता येत नाही. आधीच्या प्रयोगात एक तरुण असाच झोपेत वळला होता. तो वाचला नाही.

केतकीने विचारलं, मग पलंगाला बांधून ठेवता येणार नाही का, किंवा गुंगीचं औषध? गुंगीत खोकला थांबतो आणि लवेची हालचालही मंदावते, असं डॉक्टरांनी सांगितलं. बांधून पाहिलं होतं. माणूस घाबरून धडपडतो आणि श्वास आणखी लागतो. धरून ठेवणारं ओळखीचं माणूस असेल तर तो टिकतो, असा अनुभव होता. आणि धरून ठेवावं लागणारच होतं, कारण रक्त वजनाने खालच्या फुप्फुसात जास्त जातं. खालचं फुप्फुस आजारी, म्हणजे रक्ताला हवा कमी मिळणार. जुईला सतत वाटत राहणार की वळलं तर बरं वाटेल, आणि ते खरंही असणार. प्राणवायू धोक्याच्या रेषेखाली गेला तर डॉक्टर कुणाला न विचारता तिला वळवणार होत्या. पण त्या रेषेच्या वर, त्रास आणि धोका यांच्यामध्ये, बरीच मोठी जागा होती. तिथला निर्णय रुग्णाने नेमलेल्या सोबत्याचा.

या नेमणुकीचं नियमाप्रमाणे चित्रण झालं. कॅमेऱ्यासमोर जुईने नाव-गाव सांगितलं, आणि मग कॅमेऱ्याकडे न बघता केतकीकडे बघून बोलली.

"मी वळव म्हणेन. रडेन, वाटेल ते बोलेन. तरी वळवू नकोस."

बाहेर आल्यावर केतकीने विचारलं, मीच का. पुण्यात तिच्या मैत्रिणी होत्या, अनिकेत नावाचा एक मित्र होता, तो तर रजा टाकून यायला तयार होता.

"ते सगळे माझं ऐकतील," जुई म्हणाली.

* * *

पेरणीनंतरचे पहिले दिवस केतकीला वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले. जुई डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. पलंगाचा पायथा उंच होता, इथे विटांऐवजी मोटर होती एवढंच. थापायला सक्त मनाई होती. केतकीने फक्त तळवा तिच्या बरगड्यांवर ठेवायचा, आणि श्वास बाहेर जाताना बरगड्यांबरोबर खाली जायचं, दाब न देता. पहिल्या दिवशी हात ठेवण्याआधी तिने विचारलं, ठेवू का. जुईने मानेनेच हो म्हटलं.

हळूहळू जुई बोलायला लागली, पूर्वीसारखीच, भिंतीकडे तोंड करून. अनिकेतने लग्नाचं विचारलं होतं आणि तिने उत्तर दिलं नव्हतं. पुण्यात पहिल्या वर्षी तिला फार एकटं वाटलं होतं, पण वाईला फोन केला तर ताई लगेच येईल या भीतीने तिने केला नाही. केतकीने ऐकून घेतलं. तीही थोडं बोलली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि हे तिने जुईला कधी कळवलं नव्हतं. जुईने मागे हात करून केतकीचं मनगट धरलं.

दुर्बिणीतून घेतलेल्या चित्रांत लव फुटलेली दिसली, कोवळ्या गवतासारखी, अजून गोंधळलेली. काही झुपके इकडे हलत होते, काही तिकडे. डॉ. बागवान म्हणाल्या, आता सगळ्यात महत्त्वाचे दिवस. आणि त्याच दिवसांत जुईला ताप भरला.

खालचं फुप्फुस चिघळलं होतं. औषधं चालू होती, पण त्यांना वेळ लागणार होता. सकाळपर्यंत ती निभावून होती. दुपारी उन्हं पलंगावर आली तेव्हा तिचा श्वास इतका उथळ झाला होता की वाक्य पुरं होत नव्हतं. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरत उतरत रेषेच्या थोडा वर येऊन थांबला. तो तिथून खाली जाईना आणि वरही येईना.

"ताई," जुई म्हणाली, "थोडं वळव. थोडंच."

केतकी नाही म्हणाली. जुईने पुन्हा सांगितलं. मग ती स्वतःच वळायला लागली, तेव्हा केतकीने एक हात तिच्या खांद्याला आणि एक कमरेला लावून तिला धरलं. ताकद लावायची गरजच नव्हती, इतकी जुई अशक्त होती. तेच केतकीला सहन होईना. तिने घंटा वाजवून डॉ. बागवानना बोलावलं. त्यांनी छाती ऐकली, पडदा पाहिला, औषधाची मात्रा वाढवली. केतकीने विचारलं, तुम्ही काय कराल? वैद्यक दोन्ही गोष्टींना परवानगी देतं, त्या म्हणाल्या. वळवलं तर ती घटकाभरात शांत होईल आणि फुप्फुस जाईल. नाही वळवलं तर हे असंच किती वेळ चालेल ते सांगता येत नाही. रेषेच्या खाली गेली तर मी आहेच. तोवर ते तुमच्यावर आहे.

जुईने रडून पाहिलं. मग शिव्या दिल्या, ज्या तिच्या तोंडून केतकीने कधी ऐकल्या नव्हत्या. ती म्हणाली, तुला मी अशीच हवी आहे, तुझ्या हाताखाली पडलेली. मी गेले तेव्हाच तू मेलीस, आता मला परत मिळवते आहेस. हे तापातलं बोलणं नव्हतं, हे केतकीला कळलं. हे आधी कधीतरी विचार करून ठेवलेलं वाक्य होतं. आणि त्यात थोडं तथ्य असेलही. तरी तिने हात काढला नाही.

मग जुईचं रडणं थांबलं. तिने मान थोडी फिरवली आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी केतकीकडे पाहिलं.

"ते रेकॉर्डिंग केलं ती मीच होते," ती एकेक शब्द घेत म्हणाली. "आणि ही पण मीच आहे. मला खरंच नको आहे हे. तू माझं ऐक."

केतकीचा हात सैल पडला. इतका वेळ ती एका वेड्या झालेल्या शरीराला धरून बसली आहे असं समजून चालली होती, आणि त्याचा तिला आधार होता. आता समोर जुईच होती, स्वच्छ बोलणारी. कॅमेऱ्यासमोर बोलली तीही जुईच होती. दोघींना एकाच वेळी हो म्हणता येत नव्हतं. एकीला फसवावं लागणारच होतं. कुणाला, हे ठरवणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. तिने जुईच्या खांद्याखाली तळवा सारला. उचलून वळवायला एक क्षण पुरला असता. तिच्या मनात आलं की आपण तिला वळवू, ती शांत होईल, आपल्याकडे बघून हसेल, आणि पुढची उरलेली वर्षं ती आपल्यावर प्रेम करत मरत जाईल.

तिने तळवा काढून घेतला. पलंगावर चढून ती जुईच्या पाठीमागे आडवी झाली, आपली छाती तिच्या पाठीला लावून, एक हात तिच्या अंगावरून टाकून, म्हणजे तिला मागे वळायला जागाच उरू नये. जुईने त्या हाताला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. केतकीने हात तिथेच राहू दिला. नंतर जुई काही बोलली नाही. ती फक्त श्वास घेत होती, आणि केतकी तो मोजत नव्हती, तिच्याबरोबर घेत होती.

उन्हं उतरली तेव्हा आकडा किंचित वर सरकला. संध्याकाळी ताप उतरू लागला. नर्सने येऊन केतकीच्या मनगटाला मलमपट्टी केली.

* * *

पुढच्या आठवड्यात डॉ. बागवाननी नवीन चित्रं दाखवली. उजव्या फुप्फुसाच्या नळीनळीत लव एका दिशेने हलत होती. सगळं शेत एका वाऱ्याने घशाकडे वाकत होतं. खोलीतल्या नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. एका तरुण डॉक्टरचे डोळे भरून आले. जुईने चित्र बराच वेळ पाहिलं, डॉक्टरांचे आभार मानले, आणि मग म्हणाली की उरलेले दिवस सोबतीला नर्स असली तरी चालेल.

केतकी त्याच दुपारच्या बसने खाली उतरली. घरी गेल्यावर तिने हेमंतला सगळं सांगितलं, चावा सोडून. पट्टी त्याने स्वतःच पाहिली.

डावं फुप्फुस त्या तापात पुरतं गेलं होतं. दोन महिन्यांनी ते काढून टाकावं लागलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी केतकी पुण्याच्या रुग्णालयात बाहेरच्या बाकावर बसून होती. अनिकेतने तिला चहा आणून दिला आणि जुईची तब्येत सांगितली. आत यायला मात्र तिला कुणी बोलावलं नाही. जुई एका फुप्फुसावर जगायला शिकली. ते एक फुप्फुस इतकं स्वच्छ होतं की पूर्वीच्या दोहोंपेक्षा त्याचा उपयोग जास्त होता. अनिकेतच्या निरोपांतून केतकीला तुकड्यातुकड्याने कळत होतं. आता सकाळी उठून ती खोकत नाही. आता ती टेकडीवर अर्ध्यापर्यंत जाते. आता जाकीट कुणाला तरी देऊन टाकलं. आनंदाच्या या बातम्या केतकी कामाच्या मधल्या वेळात वाचायची आणि पुन्हा बाटल्यांकडे वळायची.

पावसाळा संपता संपता जुई न कळवता वाईला आली. जिना चढून वर आली ती न थांबता, आणि दारात उभी राहून नेहमीच्या आवाजात बोलली. केतकी तिच्या श्वासाकडे लक्ष देत राहिली, ऐकू येतो का म्हणून. तो ऐकू येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत जुई होती आणि तिचा श्वास ऐकू येत नव्हता.

जेवण झाल्यावर हेमंत मुद्दामच बाहेर गेला. जुईने केतकीचं मनगट आपल्याकडे ओढून पाहिलं. खूण राहिली होती.

"सगळे मला सांगतात, ताईने वाचवलं," ती म्हणाली. "ते खरंच आहे. मी रोज सकाळी उठते तेव्हा ते मला माहीत असतं. पण त्या दुपारी मी शुद्धीवर होते, ताई. मी तुला सांगितलं, आणि तू ऐकलं नाहीस. तेही खरं आहे. मला वाटलं होतं, पहिल्याने दुसरं पुसून जाईल. नाही जात."

केतकी म्हणाली, तू बोललीस ते तापात नव्हतं हे मला माहीत होतं. माहीत असून धरलं. तिने माफी मागितली नाही, कारण पुन्हा तीच वेळ आली तर ती तेच करणार होती, आणि जुईशी खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. जुईने मान हलवली. तिलाही तेवढंच ऐकायचं होतं असं वाटलं. त्या रात्री ती राहिली. सकाळी निघताना म्हणाली की पाचगणीला बोलावलंय, नव्या रुग्णांशी बोलायला, आणि तू येतेस का.

दोघी बरोबर घाट चढल्या. केंद्राच्या दिवाणखान्यात एक जोडपं बसलं होतं. मुलगी बार्शीची होती, शिवानी नाव, तिला बोलताना धाप लागत होती. नवरा तिचा हात हातात घेऊन बसला होता आणि तिच्या प्रत्येक खोकल्यागणिक त्याचा चेहरा पिळवटत होता. त्याने आपणहून सांगितलं की सोबती मीच राहणार, तिला क्षणभरही त्रास होऊ देणार नाही. डॉ. बागवाननी जुईकडे पाहिलं.

जुईने नवऱ्याला काही म्हटलं नाही. ती शिवानीच्या शेजारी जाऊन बसली.

"यांचं तुझ्यावर खूप प्रेम आहे, ते दिसतंय," ती म्हणाली. "पण एक वेळ अशी येईल की तू वळव म्हणशील, आणि ते मनापासून म्हणशील. तेव्हा कोण असेल ते आजच ठरव. जिच्यावर पुढे कितीही चिडलीस तरी जी तुला सोडून जाणार नाही, अशी कुणी आहे का तुझी?"

शिवानी विचारात पडली. नवऱ्याने तिचा हात सोडला नव्हता, पण तो आता तिच्याकडे नव्या नजरेने बघत होता. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, तुमच्या सोबत कोण होतं?

केतकी दाराशीच उभी होती. आत जावं की नाही हे तिला ठरवता आलं नव्हतं.

"ही माझी बहीण," जुई म्हणाली. "मी अजून हिच्यावर चिडलेली आहे." आणि तिने शेजारची खुर्ची ओढून केतकीला बसायला जागा केली.